सशाचं वन बीएचके

दुकानदार तारेचा पिंजरा गळ्यात मारत होता. "साहेब, सगळे हाच नेतात." नेत असतील! पण सशाच्या तळव्यांना कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस. तारेवर बसून बसून जखमा होतात. म्हणून हॉलचा एक कोपराच गंपूच्या नावावर केला. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, म्हणून सतरंजी. लपायला दोन दारांचं खोकं. आणि वाळलेल्या गवताचा ढीग, कारण दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. (गाजर? ते कार्टूनमधलं. गोड असतं, एखादा तुकडा पुरे.) चार्जरच्या वायरी पाइपात.

खरी धास्ती पुण्याच्या एप्रिलची. सशाचं अंग घामानं थंड होत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर जाते. खोलीत 30 अंशांच्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे एसी नाही. मग गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, आणि दुपारी ऑफिसातून आईला फोन, "खातोय ना?" ससा 12 तास उपाशी राहिला तर थेट डॉक्टरकडेच न्यावं लागतं.

"खातोय रे बाबा. तू जेवलास का?"