दाजींची फुकटची वीज

गेल्या भाऊबिजेला ताईचा फोन आला, पण ओवाळणीची चेष्टामस्करी काही झाली नाही. "तुझे दाजी पीएफमधले पाच लाख काढतायत. तूच सांग त्यांना काहीतरी," एवढं बोलून तिने फोन त्यांच्या हातात दिला.

दाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा सहज फसणारा माणूस नव्हे. कुणीतरी त्यांना एका यंत्रात भागीदारी देऊ करत होतं. बॅटरीतून १०० वॉट घ्यायचे, १४० मिळवायचे! मी हसलो तर म्हणाले, "अरे इंजिनिअर, कॉम्प्युटरवर सिद्ध झालंय. फाइल पाठवतो." शिवाय ते पडले चाळीसगावचे. आपल्या पाटणच्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणारं चाक सांगितलंय, हेही त्यांनी ऐकवलं. आता यावर काय बोलणार?

फाइल उघडली. आधी मला वाटलं, व्होल्ट आणि अँपिअर नुसते गुणून, त्यांच्यातलं फेजचं अंतर विसरून वॉट काढले असतील. ही चूक तर सर्रास होते. पण नाही, हिशोब बरोबर होता. मग मी एक साधी गोष्ट केली, वेळ वाढवली. त्यांचा आलेख पहिल्या काही मिलिसेकंदांचाच होता. पुढे चालू दिल्यावर आउटपुट वाढतच गेलं. थोड्याच वेळात तीन कॉइलींचं ते सर्किट कोयनेलाही लाजवू लागलं!

मी राहतो त्या आइंडहोवनमध्येच, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, बर्नार्ड टेलेखेन काम करायचे. पेंटोड शोधणारे तेच. त्यांनी १९५२ साली मांडलेलं प्रमेय असं, की किरखॉफचे नियम पाळणाऱ्या कुठल्याही सर्किटात सगळ्या भागांच्या पॉवरची बेरीज कोणत्याही क्षणी शून्यच येते. सिम्युलेशनचा प्रोग्राम तर याच नियमांवर उभा असतो. म्हणजे जमाखर्च त्यातही जुळणारच. जास्तीची वीज आली असेल तर ती एखाद्या भागानेच दिलेली असणार, आणि त्या भागाचं वर्णन आपण टाइप केलेलं असतं.

चोर सापडला तो कॉइलींमध्ये. पहिली आणि दुसरी यांचं कपलिंग ०.९, दुसरी आणि तिसरी यांचंही ०.९, आणि पहिली-तिसरीचं मात्र ०.१. दोघींची मधलीशी इतकी घट्ट मैत्री आणि आपसात तोंडओळखही नाही? गणित सांगतं, तिथे निदान ०.६२ हवं. त्याखाली गेलं की कागदावरच्या कॉइलींत साठलेली ऊर्जा शून्याच्या खाली जाऊ शकते, आणि मग त्यातून कितीही उपसा! प्रोग्राम बिचारा प्रत्येक जोडीचा आकडा १ च्या आत आहे ना, एवढंच बघत होता. मी ०.१ च्या जागी ०.८ घातलं आणि आउटपुट मुकाट्याने इनपुटच्या खाली आलं.

दाजींना फोनवर हे सगळं सांगितलं. पटलं नाही. "एवढी मोठी माणसं चुकतील?" मग त्यांना लायडनच्या प्रोफेसर स ग्राव्हेसांडे यांची गोष्ट सांगितली. १७२१ साली त्यांनी कासेलला ऑर्फिरेउसचं अखंड फिरणारं चाक तपासलं, आतून बघायला मिळालं नाही, बाहेरून काही लबाडी दिसली नाही, आणि त्यांनी चक्क न्यूटनला तसं पत्र लिहिलं. दाजी जरा वेळ गप्प राहिले. मी म्हटलं, "अहो दाजी, आकडेमोड राहू द्या. यंत्र सुरू झालं की त्यांना बॅटरी काढायला सांगा, आणि तासभर तिथेच चहा घेत बसा."

ते गेले. बॅटरी काढता येत नाही, असं उत्तर मिळालं. तीन लाख बँकेतच राहिले. उरलेले दोन लाख दसऱ्यालाच देऊन झाले होते, हे ताईने मला संक्रांतीच्या फोनवर सांगितलं.