तालुक्याची शाखा

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या शाखेचं वय लेटरहेडवरून कळत नाही. तिथे १९२८ छापलंय, पण ते आईचं, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनचं जन्मसाल. ही खूप नंतरची. हिला स्वतःची इमारत नाही. एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यावरचा हॉल आणि सेक्रेटरीची बॅग, एवढाच संसार.

एप्रिलात पदग्रहण होतं. नव्या अध्यक्षांच्या गळ्यात पदक, मावळत्यांना शाल, आणि डॉक्टर-रुग्णांतल्या दुराव्यावर दरवर्षीचं भाषण. जेवण मात्र उत्तम. त्या रात्री शाखा सगळ्यांची असते, मे महिन्यात एकट्या सेक्रेटरीची उरते. १ जुलैला, डॉक्टर्स डेला, म्हणजे डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्मदिनी (त्यांचा मृत्युदिनही तोच), रक्तदान आणि वृक्षारोपण. झाडं बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत लागतात.

तिचं खरं आयुष्य कागदांत जातं. सोनोग्राफीवाल्यांचे, गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याचे एफ फॉर्म पाच तारखेच्या आत गेले का? जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी आली नाही. पिवळ्या पिशव्या ४८ तासांपलीकडे ठेवायच्या नाहीत, मग करायचं काय? फायरची एनओसी अडली, कारण जिना अरुंद, आणि जिना बांधला वडिलांनी. विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीने, म्हणजे टीपीएने, बिल कापलं. वीस खाटांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणाराच मॅनेजर असतो. मेडिकल कॉलेजात यातलं फारसं शिकवत नाहीत. हे सगळं तो शाखेलाच विचारतो, तेही रात्री दहानंतर, व्हॉट्सॲपवर. महिन्याच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणीवर्गात, मधुमेहावरचं व्याख्यान मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटांसाठी ऐकलं जातं. जिना, पिशव्या आणि टीपीएवरची चर्चा पार्किंगमध्ये होते. ज्ञान तिथेच जास्त मिळतं.

एखाद्या रात्री ग्रुपवर एवढंच येतं : 'सरांच्या हॉस्पिटलमध्ये जमाव. काचा फोडल्या.' मग एकमेकांचे पेशंट पळवल्यावरून न बोलणारे दोघे एकाच गाडीतून पोलीस ठाण्यात पोचतात. ठाणे अंमलदाराला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आठवत नाही. सेक्रेटरीच्या गाडीत त्याची झेरॉक्स कायम असते : गुन्हा अजामीनपात्र, कैद तीन वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत. गुन्हा नोंदवून घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या खुनानंतर १७ ऑगस्ट २०२४ ला देशभर २४ तास ओपीडी बंद राहिल्या, तेव्हा हॉलमध्ये कधी न दिसणाऱ्या डॉक्टरीणबाईही काळी फीत लावून तहसीलवर आल्या होत्या. अशा वेळी शाखा मला मोठी वाटते.

मार्च सरतो तो नर्सिंग होम नोंदणीच्या नूतनीकरणात. मुदत ३१ तारखेची, धावपळ २९ पासून. २०२१ मध्ये नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं आलं. सनदेच्या फ्रेमा शाखेने घाऊक भावात करून घेतल्या. दरपत्रकाचं ज्याने त्याने पाहावं, असं ठरलं.

वार्षिक सभेचं इतिवृत्त नीट ठेवलेलं असतं. हिशेब मंजूर, सहलीचा विषय पुढे ढकलला, कचऱ्याच्या कंत्राटदाराला पत्र. कट प्रॅक्टिसवर, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनवर, एकही ठराव नाही. मध्यरात्री पोलीस ठाण्यात न घाबरणारी ही बाई या विषयावर मात्र घाबरते, आणि गावाचा तिच्यावर पुरता विश्वास बसत नाही तो यामुळेच.