आष्ट्याचा शरद् ऋतु आणि घरचीं मुलें

इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांच्या पुस्तकांत चार ऋतूंचीं चित्रें असतात. त्यांपैकीं एकांत तांबड्या-पिवळ्या पानांचें झाड असतें, खालीं पानांचा खच पडलेला असतो आणि लोकरीची टोपी घातलेला एक मुलगा तीं पानें पायानें उडवीत असतो. चित्राखालीं नांव असतें 'ऑटम'. मूल विचारतें, "आपल्याकडे याला काय म्हणतात?" आणि घरांतील वडील माणूस फारसा विचार न करतां सांगून टाकतो, "शरद् ऋतु." उत्तर कोशाप्रमाणें बरोबर आहे. पण तेंच मूल खिडकींतून बाहेर पाहतें, तेव्हां त्याला हिरवेंगार शिवार आणि आश्विनाचें कडक ऊन दिसतें. मग ऋतु ही पुस्तकांतच असणारी वस्तु आहे, असा त्या कोंवळ्या मनाचा ग्रह होतो. तो होऊं नये, म्हणून घरीं काय करतां येईल, हें आमच्या गांवापुरतें सांगण्याचा येथें विचार आहे.

आमचें आष्टा गांव पेठ-सांगली रस्त्यावर, कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनींत वसलेलें आहे. पूर्वीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांत होता. 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि 1960 सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. जिल्ह्यांचीं नांवें बदललीं, पण ऋतूंचा क्रम बदलला नाहीं. येथें आश्विन-कार्तिकांत पानें गळत नाहींत. थंड देशांत या सुमारास दिवस लहान होत जातो, पुढें जमिनींतील पाणी गोठावयाचें असतें, म्हणून झाडें आधींच पानें टाकून मोकळीं होतात. आपल्याकडे पाऊस नुकताच संपलेला असतो आणि मुळांशीं ओल भरपूर असते. मग झाडानें पानें टाकावींत कशाला? आपली पानगळ पुढें शिशिरांत, जमीन सुकूं लागल्यावर होते. आपला शरद् हा निवळण्याचा ऋतु आहे. आकाश निवळतें, पाणी निवळतें आणि चिखलाच्या वाटा वाळून चालण्याजोग्या होतात. कालिदासानें 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गांत रघूला दिग्विजयास पाठविलें तें याच ऋतूंत. आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचें व्यावहारिक कारणहि हेंच कीं, नद्या उतरल्यावांचून सैन्य हलत नसे.

शरदाची पहिली वर्दी आमच्या घरांत हादग्यानें येते. 27 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रांत जातो आणि त्या दिवसापासून सोळा दिवस मुली पाटावरच्या हत्तीभोंवतीं फेर धरतात. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात व तो बहुधा नवरात्रांत होतो. आमच्याकडे पहिल्या दिवशीं एक गाणें आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशीं दोन, असा चढता क्रम असतो. सोळा खिरापती करतांना घरांतील बायकांची ओढाताण होते, हें खरें. म्हणून आम्हीं चार घरांत दिवस वांटून घेतले आहेत आणि शेवटच्या दिवसांच्या खिरापती चिमूटचिमूटच असतात. खिरापत ओळखण्याच्या खेळांत मुलांच्या बुद्धीला जी चालना मिळते, ती पाठांतरानें मिळत नाहीं. आमची पांच वर्षांची नात झांकलेला डबा कानाशीं हालवून प्रथम विचारते, "वाजतें का?" मग, "तिखट कीं गोड?" आणि मग, "झाडावरचें कीं जमिनीखालचें?" तर्काची ही पायरी-पायरीनें चढण तिला कोणीं शिकविलेली नाहीं.

हादग्याच्या दिवसांत संध्याकाळीं आणि सुटीच्या सकाळीं आम्हीं मुलांना घेऊन पाणंदीनें शिवारांत जातों. भुईमूग आणि सोयाबीन निघत असतें, शाळूच्या पेरणीची तयारी चाललेली असते, हळदीचीं पानें पुरुषभर उंच झालेलीं असतात. ओढ्याच्या कांठीं काशाचे पांढरे तुरे डोलत असतात. संस्कृत कवींनीं शरदाचें वर्णन करतांना हे तुरे सहसा सोडलेले नाहींत. मुलांना त्यांचें काव्य कळावयास अवकाश आहे. पण एक गोष्ट त्यांना आतांच सांगतां येते, ती अशी कीं, हें रानटी गवत आपल्या शेतांतील उंसाचें जवळचें नातलग आहे. 1912 सालीं कोइमतूर येथें उंसाच्या पैदाशीचें केंद्र निघालें आणि तेथें गोड पण नाजूक उंसाचा या काटक काशाशीं संकर करण्यांत आला. आज आमच्या भागांत लावतात त्या सुधारलेल्या जातींत काशाचें रक्त आहे. हें ऐकल्यावर थोरल्या नातवानें काशाची एक कांडी तोडून चावून पाहिली आणि तोंड वांकडें करून म्हणाला, "गोडी मावशीकडची, आणि काटकपणा याचा." आम्हांस एवढें पुरेसें वाटलें.

याच दिवसांत उत्तरेकडून परीट पक्षी येतात. शेंपटी सारखी वर-खालीं करीत ते ओलसर बांधावर धांवत असतात. संस्कृतांतील खंजन तो हाच. पहिला परीट कोणाला दिसला, हें घरच्या दिनदर्शिकेवर तारखेसह लिहून ठेवण्याचा नियम आम्हीं केला आहे. चार वर्षांच्या तारखा एकाखालीं एक वाचतांना मुलांना आपोआप कळूं लागतें कीं, ऋतु ठराविक दिवशीं येत नाहीं, पण येण्याचें विसरतहि नाहीं.

दसऱ्याला आपट्याचीं पानें. येथें एक सूचना करावीशी वाटते. बाजारांत आपटा म्हणून पुष्कळदां कांचनाच्या फांद्या विकतात. दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं आणि दोहोंचीं पानें जोडपानासारखीं दिसतात. आपट्याचें पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षां रुंदीला अधिक असतें; कांचनाचें मोठें आणि पातळ असतें. दोन्ही पानें मुलांच्या हातांत देऊन फरक त्यांनाच शोधूं द्यावा. आणि फांद्या ओरबाडण्यापेक्षां प्रत्येकानें एकच पान द्यावें. मान पानाला असतो, भाऱ्याला नाहीं.

आतां घरांतील प्रकृतीविषयीं. शरद् ही वैद्यांची माता, असें जुने लोक म्हणत, तें उगीच नव्हे. ढग गेलेले, ऊन प्रखर आणि जमीन अजून ओली, त्यामुळें हवा तापते आणि दमटहि राहते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, वर्षाकाळांत सांचलेलें पित्त शरदाच्या उन्हानें खवळतें. म्हणून या दिवसांत ऊन, दहीं आणि दिवसाची झोंप टाळावी. आम्हीं मुलांना दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत उन्हांत सोडीत नाहीं. यांत आजच्या ज्ञानाची एक भर घालावयास हवी. कुंड्यांखालच्या थाळ्या, पन्हाळी, टाकून दिलेलीं डबडीं यांतील पावसाचें पाणी आठवड्यांतून एकदां उलटें करावें. डेंग्यूचे डांस तेथेंच वाढतात. हें काम मुलें फार आवडीनें करतात.

कोजागरीस गच्चीवर आटीव दूध होतें. आमच्या शेजारीं भिलवडी येथें 1939 सालापासून चितळ्यांचा दुधाचा धंदा आहे, त्यामुळें या टापूंत दुधाला तोटा नाहीं. पण दूध हें निमित्त. दिवे मालवून अर्धा तास नुसतें चांदण्यांत बसणें हें खरें कोजागरीचें व्रत. लहान मुलें पहिलीं दहा मिनिटें चुळबुळ करतात, नंतर त्यांना स्वतःची सांवली सांपडते आणि पुढें त्यांना काय करावें हें सांगावें लागत नाहीं.

आतां नदीविषयीं. 2019 च्या ऑगस्टांत आणि पुन्हां 2021 च्या जुलैंत कृष्णेला जे महापूर आले, ते या जिल्ह्यांतील कोणीहि विसरणार नाहीं. नदीकांठचे आमचे आप्त पहिल्या पुरांत आमच्याकडे येऊन राहिले होते. त्या रात्रींच्या गोष्टी घरांत इतक्या वेळां सांगितल्या गेल्या कीं, धाकट्या मुलांच्या मनांत नदी म्हणजे घरें बुडविणारें पाणी, एवढेंच चित्र राहिलें. ज्या नदीच्या पाण्यावर आपण वाढतों, तिची मुलांना केवळ धास्ती वाटावी, हें आम्हांस बरें वाटेना. म्हणून दरवर्षीं कार्तिकांत आम्ही औदुंबरास जातों. हें दत्तक्षेत्र आमच्या ईशान्येस कृष्णेच्या पश्चिम तीरावर आहे. नृसिंहसरस्वतींचें येथें चातुर्मासांत वास्तव्य होतें आणि समोरच्या तीरावर भुवनेश्वरीचें देऊळ आहे. मोठ्या पुरांत येथील मंदिर पाण्याखालीं जातें. कार्तिकांत मात्र घाट धुवून स्वच्छ झालेला असतो आणि पाणी संथ वाहत असतें.

जातांना आम्ही एक कांचेची बाटली नेतों. श्रावणांत भरून तारीख घातलेली दुसरी बाटली घरीं फळीवर असते. दोन्ही शेजारीं ठेवल्या म्हणजे पहिलीच्या तळाशीं बोटभर गाळ दिसतो आणि दुसरींत जवळजवळ कांहींच नसतें. पाऊस थांबला, प्रवाहाचा जोर ओसरला, गाळ खालीं बसला, इतकाच याचा अर्थ. भ्यालेल्या मुलाला हा अर्थ मोठा धीर देतो. नात म्हणाली, "म्हणजे नदी रागावली नव्हती, तिच्यांत माती होती." एक इशारा मात्र आवश्यक आहे. औदुंबर, भिलवडी, आमणापूर या भागांत कृष्णेंत मगरी आहेत. पाणी कितीहि निर्मळ दिसो, मुलांना त्यांत उतरूं देऊं नये आणि बाटली मोठ्या माणसानेंच, जपून भरावी. धास्ती जावी, पण सावधपणा राहावा.

दिवाळींत मुलें किल्ला करतात. दरवर्षीं रायगडच कशाला? आमच्या वाळवा तालुक्यांतच मच्छिंद्रगड आहे. आधीं तो पाहून यावा आणि मग मातीचा करावा. नरकचतुर्दशीस पहांटे उठविलेल्या मुलांना अभ्यंगापूर्वीं अंगणांत नेऊन दक्षिणेकडे पाहावयास लावावें. हात लांब करून मूठ धरली, तर क्षितिजापासून दीड-दोन मुठींवर एक तेजस्वी तारा दिसतो. तो अगस्त्य. त्याच्या खूप वर व्याध चमकत असतो. रात्रींच्या ताऱ्यांत तेजानें व्याध पहिला आणि अगस्त्य दुसरा. अगस्त्य उगवला कीं पाणी निर्मळ होतें, असें आपले पूर्वज मानीत. गाळ कशानें बसतो हें आपण वर पाहिलेंच. पण पाऊस ओसरण्याची आणि या ताऱ्याच्या दर्शनाची वेळ त्यांनीं नेमकी हेरली होती. आणि गंमत अशी कीं, इंग्लंडांतून हा तारा कधींच दिसत नाहीं. त्या चित्रांतील टोपीवाल्या मुलाजवळ लाल पानें आहेत, आपल्या मुलांजवळ अगस्त्य आहे. ज्याचें त्याला गोड.

पाहण्याची संवय लागली म्हणजे मुलांना मोठ्यांच्या सोयीचें तेवढेंच दिसत नाहीं. दिवाळी संपते न संपते तोंच साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात आणि बीडकडून ऊंसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. रस्त्याकडेला पालें पडतात. आमचीं नातवंडें सुटी संपून शाळेस जाऊं लागलीं, तेव्हां पालांशेजारीं खेळणारीं मुलें पाहून थोरल्यानें विचारलें, "आजोबा, यांची सुटी संपत नाहीं का?" चाळीस वर्षांच्या शिक्षकीनंतरहि आम्हांस या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतां आलें नाहीं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यावरहि जवळच्या शाळेंत प्रवेश मिळतो. मागील शाळेचा दाखला हातीं नसला, तरी त्याला अडवितां येत नाहीं. परंतु पहांटे फडांत जाणाऱ्या आईबापांना हें कोण सांगणार आणि मुलाचा हात धरून शाळेपर्यंत कोण नेणार? गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या सुनेनें त्यांच्या पालावर जाऊन आईबापांशीं बोलून दोन मुलांना शाळेंत बसविलें. हंगाम संपेपर्यंत तीं आमच्या मुलांबरोबर जात-येत होतीं. त्यांतील मुलीला काशाचे तुरे आणि आपट्याचें पान आधींच ओळखतां येत होतें. परीट पक्ष्याचें तिच्या गांवचें नांव आमच्या मुलांनीं तिच्याकडून शिकून घेतलें.

ज्या घरांत लहान मुलें आहेत, त्यांनीं यंदा एक बाटली, एक दिनदर्शिका आणि चार सकाळी एवढी तयारी ठेवावी. खर्च कांहीं नाहीं. आणि वाटेंत एखादें मूल शाळेबाहेर दिसलेंच, तर त्यालाहि बरोबर घ्यावें.