काळे, गोरे आणि नाकीडोळी नीटस

जगात माणसांचे रंग दोनच, काळा आणि गोरा, अशी अमेरिकेची समजूत दिसते. आपल्याकडे मुलगी पाहायला निघालं की कळतं, रंग निदान सात आहेत: गोरापान, गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा आणि नाकीडोळी नीटस. यांतला शेवटचा सर्वांत काळा.

त्यामुळे मायकेल जॅक्सनचं 'ब्लॅक ऑर व्हाइट' आमच्या घरात शिरलं तेव्हा हा हिशेब मला फारच सुटसुटीत वाटला. १४ नोव्हेंबर १९९१ रोजी हा व्हिडिओ २७ देशांत एकदम दाखवला गेला. पाहणारे ५० कोटी होते, असा अंदाज सांगतात. आमच्या दिवाणखान्यात तो केबलवाल्याच्या कृपेने थोडा उशिरा आला.

सुरुवातीला एक पोरगं मोठ्याने गाणी लावतं. बाप खेकसतो. पोरगं गिटारीचा असा दणका देतं, की बाप खुर्चीसकट छप्पर फोडून थेट आफ्रिकेत पडतो. हे पाहून चिरंजीवांनी माझ्या आरामखुर्चीकडे टाकलेली नजर मी विसरलेलो नाही. मग मायकेल आफ्रिकन, थाई, रशियन, अमेरिकेचे मूळ रहिवासी अशा सगळ्यांबरोबर नाचतो. आपली एक नर्तकीही आहे. पण तिला जागा मिळाली ती भर रहदारीत, रस्त्याच्या मधोमध.

"बिचारीला एक धड स्टेज नाही दिलं मेल्यांनी!" ही म्हणाली.

मला मात्र तेवढा भाग अस्सल भारतीय वाटला.

शेवटी माणसांचे चेहरे एकातून एक उमलत जातात. संगणकाची ही करामत तेव्हा नवी होती. "किती छान संदेश दिलाय, नाही?" शेजारच्या वहिनी डोळे टिपत म्हणाल्या. वहिनींच्या धाकट्यासाठी तेव्हा मुली पाहणं चालू होतं आणि तीन नाकीडोळी नीटस मुली नाकारून झाल्या होत्या.

इथवर सगळं गोड. पण मूळ व्हिडिओ ११ मिनिटांचा. शेवटच्या चारेक मिनिटांत रात्रीच्या रस्त्यावर एक ब्लॅक पँथर येतो आणि त्याचाच मायकेल होतो. गाणं नाही, वाद्य नाही. तो नुसता पायांच्या ठेक्यावर नाचतो, ओरडतो, मोटारीच्या काचा फोडतो. पँथर म्हटल्यावर मराठी माणसाला काही राणीचा बाग आठवत नाही. अमेरिकेत १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर. पण तिकडे ओरड झाली, की मुलांनी यातून काय शिकायचं? मायकेलने माफी मागितली आणि तेवढी मिनिटं कापली गेली. समता सर्वांना आवडली, राग कोणालाच नको होता.

पुढे आणखी एक आवृत्ती निघाली. तिच्यात त्या काचांवर वंशद्वेषाच्या शिव्या आणि नाझींचं स्वस्तिक रंगवलेलं दिसतं. म्हणजे आता काच फोडायला रीतसर कारण झालं! माणसाला राग आला, तर त्याने आधी कारण सुवाच्य अक्षरांत लिहून द्यावं, मग रागवावं. शक्यतो दोन प्रतींत. पण ज्याला जन्मभर वाचावं लागतं, त्याला कोऱ्या काचेवरचाही मजकूर दिसतो. पोह्यांची बशी पुढे करताना त्या तीन मुलींनाही तो समोरच्या चेहऱ्यांवर दिसलाच असणार.

वहिनींच्या धाकट्याने अखेर स्वतःच लग्न जमवलं. मुलगी हुशार, बोलकी आणि चांगली सावळी. लग्नाच्या अल्बमात फोटोवाल्याने तिला इतकी उजळून छापली, की नवरा वेगळ्याच बाईशेजारी बसल्यासारखा दिसे. तिने अल्बम परत पाठवला. "लग्न माझं झालंय. फोटोही माझेच हवेत," असं खणखणीत सांगून.

"भावजी, पोरगी गुणाची आहे हो," वहिनी मला म्हणाल्या, "पण जरा तापट आहे."

"असू दे, वहिनी," मी म्हटलं. "सात मिनिटं गोड आहे ना? मग चार मिनिटं तापू दे. तेवढी कापू नका."