अल्पायुषी सोबती
आमच्या घरी पांढरे उंदीर आहेत, हे ऐकताच आप्तमंडळी दाराशीच थबकतात. इतिहासाचे अध्यापक या नात्याने १८९६ च्या मुंबईतील प्लेगची दहशत आम्ही जाणतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाती वाढलेला हा जीव अंग चाटूनपुसून स्वच्छ राखतो. एकटा ठेवल्यास तो झुरतो, म्हणून दोन माद्या एकत्र ठेवल्या. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात; कुरतडण्यास लाकूड द्यावे लागते. बिछान्यास कागदाचे कपटे बरे, देवदारी भुसा श्वासास बाधतो. आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे.

गेल्या पावसाळ्यात एक गेली. धाकट्या कन्येने विचारले, “इतक्या थोड्या दिवसांसाठी जीव का लावायचा?” आम्ही म्हणालो, “दिवस थोडे, म्हणून तर हयगय नको.” उरलेलीसाठी सोबतीण शोधण्यास तीच आमच्याबरोबर निघाली.