आमची हार्ड डिस्क मुकी होते!

मनुष्याने कशावर विसंबावे आणि कशावर विसंबू नये, याविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. परंतु खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कचा उल्लेख त्यांत कोठेही नसल्यामुळे तो धडा आम्हांला स्वतःच्या खर्चाने शिकावा लागला. आमच्या विद्यार्थ्यांना निदान तो फुकट मिळावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

गोष्ट 2011 सालच्या मे महिन्यापासून सांगावयास हवी. आमची आजी तेव्हा 84 वर्षांची होती आणि खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी राहत असे. घरातले जाते कधीच माळ्यावर जाऊन पडले होते. परंतु जात्याचा खुंटा हाती आल्यावाचून ओवी आठवत नाही, असा तिचा हट्ट. म्हणून आम्ही जाते खाली उतरविले, त्यात मूठभर तांदूळ घातले आणि शेजारी एक लहानसे ध्वनिमुद्रण यंत्र ठेविले. चार सकाळी मिळून 38 ध्वनिमुद्रणे झाली. त्यांत दगडाची घरघर आहे, मध्येच आरवलेला शेजारचा कोंबडा आहे, आणि "पुरे रे बाबा आता, हात भरून आले," हे तिचे वाक्यही आहे. 2013 साली आजी गेली.

ही ध्वनिमुद्रणे आम्ही प्रथम संगणकात ठेविली. पुढे 2014 साली एक हार्ड डिस्क विकत आणून त्यांची दुसरी प्रत तिच्यात घेतली, आणि आपण मोठे दूरदर्शी आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतली. 2017 साली जुना संगणक विकला. विकताना त्यातले सारे पुसून टाकले, कारण 'प्रत आहेच की!' दुसरी प्रत म्हणून घेतलेली ती डबी त्या क्षणी एकमेव प्रत झाली, हे आमच्या ध्यानी आले नाही. आमच्या पुढील सर्व दुःखाचे मूळ या एका वाक्यात आहे. तार, वीज आणि यंत्र यांचा दोष नंतरचा.

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी नववीच्या वर्गात लोकगीतांचा विषय निघाला असता, "सुट्टी संपली की तुम्हांला जात्यावरच्या खऱ्या ओव्या ऐकवू," असे आश्वासन आम्ही मोठ्या ऐटीत देऊन बसलो. नरकचतुर्दशीच्या दिवशी, फराळ उरकून, कपाटातून ती काळी डबी काढली आणि संगणकाला जोडली. डबीवरचा दिवा लुकलुकला. आतून 'टिक्... टिक्...' असा बारीक आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर काहीही उमटले नाही.

अशा वेळी मनुष्य जे करतो ते आम्ही केले. तार उपटली, पुन्हा खोचली, पुन्हा उपटली. डबी कानाशी धरली. हलवून पाहावी असेही मनात आले, परंतु तेवढ्यात आमचा अकरावीत शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, हलवू नका हं. आत तबकडी फिरते." त्याचे ते वाक्य आमच्या घराण्यावर उपकार करून गेले, असे आम्ही मानतो.

या डबीच्या आत काय असते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, परंतु आरशासारखी गुळगुळीत अशी एक किंवा अधिक तबकड्या तिच्यात असतात. त्या बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेतात, आणि लोहचुंबकीय खुणांच्या रूपाने त्यांच्यावर आपले लेखन साठविलेले असते. ते वाचणारी टाचणीसारखी कळ तबकडीला टेकत नाही. माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अशा अंतरावरून ती तरंगत जाते. एवढ्याशा जागेत धुळीचा कणही डोंगरासारखा! 1956 साली आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने अशा जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि साऱ्या मिळून सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आमच्या डबीत एक लाख कोटी मावतात. म्हणजे खिशात घालून आणलेले ते ग्रंथालयच. आणि ते एका केसाहून सूक्ष्म अंतरावर तरंगत होते.

जुने वैद्य रोग्याची नाडी पाहण्याआधी 'काल काय खाल्ले?' असे विचारीत. यंत्राच्या बाबतीतही बाहेरून आत जावे, आतून बाहेर येऊ नये, हा नियम. भाच्याने प्रथम तार बदलली. अनेकदा डबी निर्दोष असते आणि वाकून वाकून तारच आतून तुटलेली असते. आमचे नशीब तेवढे सोपे नव्हते. मग त्याने विजेचा विचार केला. ही लहान डबी स्वतःची वीज आणीत नाही, ज्या यू.एस.बी. पोर्टात तिला जोडावे, तेथूनच ती घेते. जुन्या पद्धतीचे पोर्ट 500 मिलीअँपिअर देते, नव्या पद्धतीचे 900. त्यातून एकाच पोर्टाला चार फाटे फोडणारी पट्टी आम्ही वापरली होती, म्हणजे एका भाकरीवर चार पाहुणे. तबकडी फिरू लागे, बळ अपुरे पडे, ती थांबे, तो 'टिक्... टिक्' आवाज निदान काही अंशी उपासमारीचा होता. भाच्याने पट्टी बाजूला सारली, आखूड तार घेतली आणि डबी थेट संगणकाच्या मागल्या बाजूच्या पोर्टाला जोडली. आतून एक सलग, मंद गुणगुण ऐकू आली. तबकडी फिरू लागली होती!

आमचा आनंद अर्धे मिनिट टिकला. पडद्यावर एक सूचना उमटली, तिचा आशय असा: 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. करावी काय?' आम्हांला तो प्रश्न सुसंस्कृत वाटला. विचारूनच करीत आहेत, तर 'हो' म्हणावे, या विचाराने आमचा हात पुढे गेला. भाच्याने तो मनगटाशी धरला.

"मामा, 'हो' म्हटले तर ही डिस्क कोरी म्हणून वापरायला घेतील."

त्याने समजावून सांगितले ते असे. डिस्कच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. कोणते ध्वनिमुद्रण कोठे आहे, हे तीत नोंदलेले असते. आमच्या डिस्कची ती पाने फाटली होती. ग्रंथ जागेवर होता, परंतु अनुक्रमणिका वाचता येईना, म्हणून संगणक भाबडेपणाने म्हणत होता, 'हे पुस्तक कोरे दिसते, नवी अनुक्रमणिका लिहू का?' तशी लिहिली असती, तर जुन्या पानांचा माग काढणे अधिकच कठीण झाले असते. दुरुस्तीची जी आज्ञा संगणकात असते, तीही या अवस्थेत देऊ नये. कारण ती आजारी तबकडीवरच खोडाखोड करते.

दोन दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. एका स्नेह्यांनी डबी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावयास सांगितले. पूर्वी हा उपाय बराच प्रसिद्ध होता. परंतु थंड डबी बाहेर काढताच हवेतली वाफ तिच्यावर आणि तिच्या आत दवासारखी जमू शकते, आणि मग तबकडीची आशाच नको. दुसऱ्यांनी "स्क्रू काढून पाहू या," असे सुचविले. आमच्या दिवाणखान्यातली धूळ पाहता तेही आम्ही नाकारले. तशी दुरुस्ती धूळरहित खोलीत, जाणत्या कारागिराकडूनच व्हावयाची. तिला खर्च फार, आणि यशाची खात्री तीही देत नाहीत. तबकडी फिरलीच नसती, तर तोच एक मार्ग उरला असता.

आमच्या भाच्याने केलेला उपाय मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. त्याने नवी, अधिक मोठी डिस्क आणविली आणि 'डीडी-रेस्क्यू' नावाची, कोणालाही विनामूल्य मिळणारी आज्ञावली चालू केली. ती आजारी डिस्कवर काहीही लिहीत नाही; केवळ वाचते आणि नव्या डिस्कवर हुबेहूब उतरवून घेते. तिची रीत पाहून आम्हांला परीक्षागृह आठवले. सोपा भाग ती प्रथम वाचून घेते. जेथे अडते तेथे रेंगाळत नाही, खूण करून पुढे जाते. आणि सारे सोपे हाती आल्यावर मग अवघड जागांकडे परतते. मध्येच वीज गेली तरी कोठवर आलो होतो, याची नोंद तिच्याजवळ असते. पहिल्याच प्रश्नाशी झुंजत तीन तास घालविणाऱ्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी या आज्ञावलीची शिकवणी लावावी!

ती रात्रभर चालली. आम्ही दर तासाला उठून पाहत होतो. आजीच्या आजारपणात असेच उठत होतो, हे पहाटे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या प्रतीवर शोध घेऊन भाच्याने एकेक ध्वनिमुद्रण वर काढले. 36 शाबूत निघाली. सदतिसावे अर्ध्यावर तुटले. अडतिसाव्यात केवळ आरंभीची जात्याची घरघर आहे. आजीचा आवाज सुरू होण्याच्या जागी शांतता आहे. त्या ओव्या माहेरच्या वाटेच्या होत्या, एवढेच आमच्या वहीत टिपलेले आहे. शब्द आम्ही लिहून घेतले नव्हते. यंत्र असताना लिहावयाचे कशाला?

आमच्या आत्याबाई खानापूरला असतात. त्यांना आम्ही ती घरघर ऐकविली आणि विचारले. त्या पुष्कळ वेळ डोळे मिटून बसल्या. मग एक ओवी म्हणाल्या, दुसरी म्हणाल्या, तिसरी अर्ध्यात सोडली. "आई असंच म्हणायची का, ते मला नाही रे सांगता येत," त्या म्हणाल्या, "हे माझं झालंय आता." ते आम्ही मुद्रित केले, आणि या खेपेस लिहूनही घेतले.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवीत असे, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. या चौथ्या धोक्यात आम्ही मोडतो, हे आता कबूल केले पाहिजे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तरी अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून गाथा तरली, असा त्या कथेचा अर्थ पुष्कळ जण लावतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी सहकाऱ्यांसह हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आज कोणालाही ऐकावयास वा वाचावयास खुल्या आहेत. एका कपाटात राहते ते एका कपाटाबरोबर जाते. जाणते लोक म्हणूनच सांगतात: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

आमच्या आजीच्या ओव्यांची एक प्रत आता आमच्याकडे आहे, एक भाच्याकडे, एक आत्याबाईंच्या नातवाकडे. सुट्टीनंतर नववीच्या वर्गाला आम्ही 36 पैकी पाच ओव्या ऐकविल्या, आणि शेवटी ती अडतिसावी घरघरही ऐकविली. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझ्या आजीला येतात ओव्या. पण तिला कुणी विचारतच नाही."

आम्ही तिला त्याच दिवशी घरी जाऊन विचारावयास सांगितले. वही आणि पेन्सिल घेऊन.