भिंतीमागचे पाणी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्याच वर्षी वडील आम्हांला घेऊन नागपूरहून येथे आले. आमच्या सेक्टरमधील छोट्या बागेची काँक्रीटची भिंत त्याच काळातली. वरची माती आणि कडुनिंब तिने धरून ठेवले आहेत; खाली मुलांचा झोपाळा आहे.

गेल्या पावसाळ्यात भिंत पुढे झुकली, तिला आडवी भेग पडली. झाडासकट ती पाडावी, असे काही शेजारी म्हणू लागले. मिस्त्रींनी ओळंबा सोडला. माथा चार बोटे पुढे आलेला! मग पायथ्याशी वाकून त्यांनी विचारले, "बाबूजी, पाणी जाण्याची भोके कोणी बुजवली?"

मी गप्प राहिलो. भोके मीच बुजवली होती. झिरपत्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर नातू पडला, म्हणून मी त्यांत सिमेंट भरले होते.

येथली 'कन्हार' ही काळी माती भिजली की फुगते. शिवाय भिंतीमागे दोन मीटर पाणी साचले, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २,००० किलोचा रेटा बसतो. ओल सळ्यांपर्यंत पोचते, गंज चढतो. गंजाला लोखंडाहून अधिक जागा लागत असल्याने काँक्रीट आतून फुटते.

दुरुस्ती उन्हाळ्यात झाली. आधी टेकू दिले. मग मुळे सांभाळीत मागची माती थोडीथोडी काढली. भोके मोकळी करून मागे खडी भरली आणि ती गाळाने बुजू नये म्हणून मध्ये गाळणीचे कापड घातले. सळ्यांचा गंज खरवडून नवा गिलावा केला, पुढून दोन आधारस्तंभ बांधले. वाट कोरडी राहावी म्हणून पायथ्याशी नाली काढली. ती आधीच काढली असती तर! शेवटी भेगेवर प्लॅस्टरची पट्टी बसवली. भिंत पुन्हा हलली तर ती तडकणार होती.

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना भोकांची हकीकत सांगितली. कोणी रागावले नाही. मात्र भोके साफ ठेवण्याचे काम एकमताने माझ्याकडे आले.

मृगाचा पहिला पाऊस कोसळला, तेव्हा नातवाचा हात धरून मी बागेत गेलो. प्रत्येक भोकातून पाण्याची धार नालीत पडत होती. पट्टी अखंड होती.